दसऱ्याचं तेल

सायकल जुनी, पण गिअरची. भुसावळच्या कुण्या साहेबाच्या पोरानं वापरून सोडलेली. कौतिकनानांनी ती लेकीसाठी, पमीसाठी, घेतली होती. तिचे ब्रेक भलतेच. चाकाच्या दोन्ही अंगांना आखूड दांड्या, दोन्हींना जोडणारी आडवी तार; ती वर ओढली की दोन्ही रबरं रिंगेला चावायची. चावायला हवीत, म्हणा! एक रबर घासायचं, दुसरं ढिम्म हलायचं नाही. मिस्त्रीकडे न्यावी की नाही? छे! नानांनी काल स्वतःच पाना उचलला. तार ओढ, नट आवळ, पुन्हा ढिला कर, असं करता करता दिवेलागणीला चाक एकदाचं जागच्या जागी थांबलं. मग काय, नानांची मान ताठ.

आज दसरा. सायकलींची पूजा झाली, हँडलला झेंडूच्या माळा चढल्या आणि पमी पुलापलीकडच्या आत्याला सोनं द्यायला निघाली. नाना नवा सदरा घालून जेवायला बसले. वाढता वाढता पमीची आई, भिकुबाई, कौतुकानं म्हणाल्या, "पूजाना आगोदर बठ्ठ्या सायकली पुसी काढ्यात मी. चाकनी रिंग बी! खोबरेल तेल लायं, आरसानागत चमकी ऱ्हायंती."

नानांचा घास हातातच राहिला. रिंगेला तेल! अहो, ब्रेक धरतो तो रिंगेलाच ना! आणि पुलाचा उतार संपतो तो थेट चौकात, जिथं फैजपूरकडचे केळीचे ट्रक कुणाच्या बापाला थांबत नाहीत.

नाना उठले. आपली काळी सायकल ओढली, टांग टाकली आणि तशीच परत खाली घेतली. हिलाही तेलच की! सायकल आपटून ते खरकट्या हातानं पळत सुटले. आपण ब्रेक नीट केला म्हणूनच पोरगी बिनधास्त सोडणार सायकल. देवा, काल हात मोडले का नाहीत माझे!

पुलाचा चढ चढताना छातीचा भाता झाला. माथ्यावर आले, तर पुढच्या उतारावर पमी. सायकल हातात धरून पायी उतरत होती.

"अगं... सायकलवरून का उतरलीस?"

पमी चाचरली. "रागवू नका, नाना. काल ती तुम्ही दुरुस्त केली ना, म्हणून."

एरवी नानांनी पूल डोक्यावर घेतला असता. आज त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. "शहाणी गं माझी बाई," म्हणत ते तिथंच उकिडवे बसले आणि सदऱ्याच्या टोकानं रिंग पुसायला लागले.

"नाना, नवा सदरा!"

"राहू दे," नाना म्हणाले आणि पुसत राहिले.