नारिंगी राहिले मी

मित्रांनो, काठाचा जरासा टवका उडालेली ही परीक्षानळी तुमच्याशी बोलते आहे. भट्टीत काच वितळली, तिला आकार मिळाला आणि मी जन्मले. पुठ्ठ्याच्या खोक्यातून बोरिवलीच्या एका कॉलेजात आले, ती इथलीच झाले.

माझं लाडकं काम सांगू? पोटात पोटॅशियम डायक्रोमेटचं आम्लयुक्त, नारिंगी द्रावण घ्यायचं. त्यात अल्कोहोलचे थेंब टाकून मला गरम पाण्यात उभं केलं, की अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं आणि बघता बघता नारिंगीचं हिरवं! मुलं 'झकास' म्हणतात आणि मी काचेची असून फुलून येते.

अल्कोहोलचा एक प्रकार, तृतीयक अल्कोहोल, मात्र बधत नाही. त्याचा ओएच गट ज्या कार्बनवर बसतो, त्या कार्बनकडे हायड्रोजनच नसतो. द्यायला काही नाही, म्हणून रंग जसाच्या तसा.

यंदाच्या परीक्षेत संघमित्रा आणि मर्विन या जोडीला दोन बाटल्यांतली तृतीयक कोणती ते ओळखायचं होतं. संघमित्रा गेल्या वर्षी इथेच नापास झालेली. पुन्हा चुकली तर अख्खं वर्ष जाणार. त्यात खाडीपलीकडून येणारी गोराईची होडी चुकल्याने मर्विन धापा टाकत आला आणि त्याने आम्हा नळ्यांना घाईघाईत स्पिरिटने विसळलं. लवकर सुकतात म्हणून इथे सगळ्यांना ती सवयच आहे.

मग द्रावण, दोन बाटल्यांतले थेंब, गरम पाणी. झालं, आम्ही दोन्ही नळ्या हिरव्या.

"लिही ना कायतरी, घंटा होईल," मर्विन म्हणाला.

"कायतरी कसं लिहू? एक नारिंगी राहायलाच हवी रे." तिने स्टँडवरची रिकामी नळी हुंगली. "या कशाने विसळल्यास?"

"स्पिरिटने. सगळेच करतात."

"अरे शहाण्या, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच ना. तळाशी उरलेलं तेच हिरवं झालंय. वाट लावलीस माझी."

ती परीक्षा घेणाऱ्या मृणालिनी मॅडमकडे धावली. "मॅडम, पुन्हा करू?"

"कर. पण घंटा झाली की पेपर घेणार मी."

वापरलेलं द्रावण टाकाऊ रसायनांच्या बाटलीत गेलं. नळाखाली आम्हाला खळखळून धुतलं. नवं द्रावण, नवे थेंब, पुन्हा गरम पाणी. शेजारीण हिरवी झाली. माझ्यावर दोन डोकी वाकली. मी नारिंगी. अजून नारिंगी!

"यार, ही हलतच नाहीये," मर्विन नाचायच्या बेतात.

"नाचू नको, निरीक्षण सांग," म्हणत संघमित्रा भराभरा लिहू लागली. शेवटची ओळ संपली आणि घंटा वाजली. मॅडमनी पेपर वाचला, मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर."

मित्रांनो, आजवर रंग बदलला म्हणून माझं कौतुक झालं. त्या दिवशी मी बदलू नये म्हणून दोन जीव श्वास रोखून उभे होते. तेव्हा एवढं करा, मला पाण्याने नीट धुवा, उपडी ठेवा, माझी मी सुकेन. तळाशी आधीचं काही उरलं, तर मला खरं बोलता येत नाही.