बारा खिळे आणि एक लाल बटण

मी एक गोल फळी बोलतेय. दिसते घड्याळासारखी, पण वेळ सांगायचं काम माझं नाही. माझ्या काठाला बारा खिळे आहेत, बारा सुरांचे. त्यांतल्या एकावर लाल बटण अडकवलंय. ते असेल तिथे सा, म्हणजे चालीचं घर.

मला घडवलं एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने, मोडक्या वाद्याच्या झाकणातून. त्याच्या लेकीच्या डोक्यात सूर काही केल्या शिरेनात. मग तो चालीत येणाऱ्या सुरांच्या खिळ्यांना दोरा गुंडाळायचा. कधी पंचकोन व्हायचा, कधी षट्कोन. मग दोरा तसाच ठेवून बटण पुढच्या कोपऱ्यावर अडकवायचा आणि त्याच सुरांत दुसरंच गायचा. हसरी चाल रडवेली व्हायची. "आकार तोच गं, घर बदललं," म्हणायचा.

लेक मोठी झाली, प्रोग्रॅम लिहायला लागली. मी गेले कपाटामागे. गरज सरो, वैद्य मरो!

मग बापाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, हातात दोन आठवडे होते. लेकीने त्याच्याकडून अडतीस चाली गाऊन घेऊन फोनमध्ये भरल्या. शेवटची तिच्या आईची, तिला आवडायची म्हणून तो घरातच गुणगुणायचा ती. मधेच खोकला यायचा, म्हणून प्रत्येक चाल तीन-चारदा गायला बिचारा, कधी वरच्या पट्टीत, कधी खालच्या.

एवढा पसारा कोण निवडणार? तिने प्रोग्रॅमला सांगितलं, प्रत्येक चालीचे सूर वर्तुळावर मांड, फिरवून आकार जुळले तर ती एकच चाल समज, त्यातली स्वच्छ तेवढी ठेव, बाकी पूस. फोनही रिकामा करून टाकला. पोरगी हुशार, पण घाईत होती.

ऑपरेशन होऊन बाप घरी आला. एकेक चाल ऐकली. अकराव्या चालीनंतर त्याने हाताने विचारलं, "पुढे?"

"संपल्या, बाबा. सारख्या आकाराच्या काढून टाकल्या."

तो उठला. कपाटामागून मला ओढून बाहीने पुसलं. पंचकोन ताणला, एका कोपऱ्यावर बटण अडकवलं, बोटाने त्या चालीचे खिळे टकटक वाजवले. मग दुसऱ्या, तिसऱ्या. पाच कोपरे, पाच चाली. लेकीचं तोंड उतरलं.

"बाबा, मी बटण हिशेबात धरलंच नाही हो!"

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो रडत होता, पण त्याला आवाज नव्हता. मला ते बघवत नव्हतं.

प्रोग्रॅम तिने नंतर दुरुस्त केला. आता यादीत अडतीस नावं चोख दिसतात. सत्तावीस नावांपुढे काहीच वाजत नाही.

बाप जाऊन वर्ष झालं. मी तिच्या टेबलासमोर भिंतीला टांगलेली असते. ती खिळ्यांवर बोट फिरवत आईची चाल जुळवू बघते आणि अर्ध्यात अडते. मला ती पाठ आहे, पण लाकडाने गायचं कसं?

धूळ पुसायला येणाऱ्यांनो, एवढं ऐका. दोरा सैल पडला तर पडू द्या, पण लाल बटण हलवू नका. त्याने शेवटचं तिथे ठेवलंय, तिच्या आईच्या चालीच्या घरावर.