खडूसरावांचा डावा हात

मास्तरांनी स्पेसबार दाबला आणि पडद्यावरचं म्हातारं अस्वल एक पाय उचललेला असतानाच थांबलं.

"डावा हात विसरलीस," ते म्हणाले.

छोटीला रागच आला. छोटी म्हणजे वयाने अडतीस, पण घरातलं शेंडेफळ म्हणून छोटी, आणि ते नाव ॲनिमेशन स्टुडिओतही कसं पोचलं ते पोचलंच. बारा वर्षं ती इथे दुसऱ्यांची पात्रं हलवत आली होती. कल्पना दुसऱ्याची, चित्र दुसऱ्याचं, हिने फक्त त्यांना चालवायचं, पळवायचं, पाडायचं. खडूसराव हे तिचं स्वतःचं पहिलं पात्र. लोकांनी चालू ठेवलेले दिवे घरभर फिरून बंद करणारं कुरकुरं अस्वल. त्याची ओळख करून द्यायला बावीस सेकंदांचा प्रोमो होता: लांब पॅसेजमधून यायचं, पुटपुटत एकेक दिवा बंद करायचा, आणि शेवटचा बंद केला की अंधारात दारावर आपटायचं. चॅनेलने तो आज संध्याकाळपर्यंत मागितला होता. स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंनी हो म्हटलं तर जाणार, नाहीतर खडूसराव कायमचे फोल्डरमध्ये.

सकाळपासून जो तो आपलंच घोडं दामटत होता. आवाजवाल्याला पुटपुटणं जास्त हवं होतं, रंगवालीला पोट जरा फिकं हवं होतं, कुणाला तर अस्वलाला झुपकेदार शेपूट हवं होतं. छोटीने सगळं मुकाट्याने लिहून घेतलं. लिहायला काय जातंय? पण मास्तरांची गोष्ट वेगळी होती. पस्तीस वर्षं कागदावर हाताने पात्रांची चाल काढलेला माणूस. त्यांनी बोट ठेवलं की ते खोडून काढणं सोपं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं, की उजवा हात छान पुढेमागे होतोय आणि डावा मात्र धुऊन वाळत घातल्यासारखा लोंबतोय. बाईंना नेमका तोच हात आवडला होता. अख्ख्या जगावर रुसल्यासारखा वाटतो, राहू दे, असं त्या म्हणाल्या. रुसवा खांद्यात दिसतो, हातात नाही, मास्तर म्हणाले. ही चूक आहे आणि चॅनेलवालेही तिला चूकच म्हणतील. चालीच्या बाबतीत बाई मास्तरांचा शब्द मोडत नसत. त्यांनी उसासा टाकला आणि मग दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणाल्या. पुढच्या आठवड्याला काही अर्थच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

"मी विसरलेली नाही," छोटी म्हणाली. "ते असेच चालतात."

"कोण?"

"बाबा."

तिने मूळ व्हिडिओ लावला. महिन्यापूर्वी एका रविवारी तिने बाबांना त्यांच्याच घरातल्या पॅसेजमधून चालायला लावलं होतं, कारण दिवसभर दिवे बंद करत फिरणारे खडूस खरे तेच. मी काय नट आहे का, म्हणून आधी नकार, मग हळूच कंगवा शोधणं, आणि मग एकदा सोडून अकरा वेळा चालणं. आई गेल्यापासून दोन वर्षांत ते इतके खुशीत दिसले नव्हते. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. चौकशी मुलीची नाही, अस्वलाची.

पडद्यावर बाबा आले. उजवा हात झुलत होता, डावा पँटच्या शिवणीला लागून तसाच. त्यांनी दिवा बंद केला आणि पुढे गेले. हुबेहूब खडूसराव. खोलीत हशा पिकला.

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात," बाई म्हणाल्या, "हिने तर खरंच बाप दाखवला."

प्रोमो पास झाला. सगळे खुर्च्या सरकवून उठले, कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. छोटीला इतका आनंद झाला, की काय करावं ते न सुचून तिने सूचनांचा कागद बारीक घडी घालून ठेवला.

मास्तर मात्र बसूनच होते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. हरलेलं पचत नाही वाटतं, असं तिच्या मनात आलं. मग त्यांनी बाबांचा एखादा जुना व्हिडिओ आहे का, असं विचारलं. तिने फोनमध्ये शोधला. चार वर्षांपूर्वीचा, बागेत नातीच्या मागे भराभर चालतानाचा. दोन्ही हात झुलत होते. डावा जरा जास्तच.

मास्तरांनी फोन तिला परत दिला.

"माझ्या थोरल्या बहिणीला कंपवात आहे," ते म्हणाले. "तिचाही आधी एक हात हलायचा थांबला. थरथर नंतर दोन वर्षांनी सुरू झाली. तोवर आम्ही तिला चिडवायचो, ऐटीत चालतेस म्हणून. बाबांचं तसं नसेलही, नुसता खांदा धरला असेल. पण डॉक्टरांना दाखव."

ती जागेवर येऊन बसली. तीन आठवडे तिने तो व्हिडिओ फ्रेम न् फ्रेम पाहिला होता. टाच कधी टेकते, मान कधी वळते, सगळं पाठ होतं. तो हात तिने जसाच्या तसा उतरवला होता आणि वर स्वतःवर खूश झाली होती. हात असा का, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली आणि मग भीती वाटली. तरी काम काम असतं. तिने प्रोमो चॅनेलला पाठवून दिला.

सहा वाजता बाबांचा फोन आला.

"काय मग? पास झालो का मी?"

"झालात. बाईंना फार आवडलात."

बाबा खूश झाले. शेजारच्यांना सांगतो म्हणाले, टीव्हीवर कधी लागेल ते विचारलं. कुणी नावं तर ठेवली नाहीत ना, हेही विचारलं. नाही म्हणून फोन ठेवता आला असता. छोटी उठून जिन्यात गेली.

"एक सूचना आली, बाबा. तुमच्या डाव्या हाताबद्दल."



"त्यांना दिसलं का?" बाबा म्हणाले. "तू काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं, दिसत नसेल."