उलट्या पिळाचं फूल

लालासाहेब कपाटाखाली कोपरापर्यंत हात घालून जमिनीवर पालथे पडले होते, नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

"सुभेदार! हाईस का रं घरात?"

केरबाचा आवाज. लालासाहेबांनी आधी फरशीकडे पाहिलं. मोहरीएवढे गुलाबी काचमणी भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सांडले होते. त्यांनी सतरंजी ओढून सगळ्या रणांगणावर पसरली, पक्कड आणि तारेचं वेटोळं उशीखाली ढकललं, आणि मगच कडी काढली.

"दुपारचं दार लावून काय करतुयास गड्या?"

"मॅच बघत हुतो."

केरबाने बंद टीव्हीकडे पाहिलं. "कोण जिंकलं?"

"पाऊस आला."

"आन् मिशीत काय अडकलंय?"

लालासाहेबांनी मिशी चाचपली. "साबुदाणा. उपास हाय."

"गुलाबी?"

"नवीन निघालाय."

केरबा सतरंजीवर ऐसपैस बसला. खालून करकर आवाज झाला. तो जरा उठला, पुन्हा बसला, पुन्हा करकरलं.

"फरशी उठाय लागलीया तुजी. मिस्त्रीला दाखव," एवढा सल्ला देऊन आणि चहा पिऊन तो गेला.

लालासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. उभी नोकरी सिग्नल रेजिमेंटमध्ये काढलेला, बर्फातून तारा ओढत नेलेला माणूस. मलकापुरातली पोरं त्यांची मिशी दिसली की सायकलवरून उतरून चालू लागतात. हा माणूस दार लावून मण्यांची फुलं करतो, ही बातमी केरबाच्या हाती लागली असती तर दिवस मावळायच्या आत ती कराडच्या स्टँडवर पोचली असती, आणि तिथून तिला गाड्यांची काय वाण?

दोष सगळा धुण्याच्या दगडाचा. आषाढात त्यांची बायको संयोगिता त्याच्यावरून घसरली आणि डावं मनगट मोडून बसली. आणि बाई डावरी. दरवर्षी गौरीभोवती मण्यांची आणि तारेची कमान तीच करायची. गौर पोचवायच्या दिवशी कमानीतलं एकेक फूल हळदीकुंकवाबरोबर बायकांच्या ओटीत पडायचं, त्यामुळे घरात जुनं एकही उरत नसे. आता प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून गळ्यात होता. "यंदा गौर साधीच बसवायची," असं ती बहिणीला फोनवर सांगत होती. आवाज हसरा होता. लालासाहेबांना तो हसरा आवाज काही केल्या सोसला नाही. दुसऱ्या दिवशी ते पक्कड घेऊन तिच्यापुढे बसले.

"बोल. काय करायचं?"

"आवं, तुमाला जमंल का?"

"तारच हाय न्हवं?"

तार होती हे खरं, पण ती केसाएवढी होती. पहिल्या फुलाचा आकार भज्यासारखा झाला. दुसरं फूल भज्याहून बरं होतं.

"तार वढू नगा, वळवा," संयोगिता सांगायची. "आन् माझं बघून पीळ घालू नगा. माझा डावीकडं, तुमचा उजवीकडं. दोन्ही मिसळलं तर उसवतंय."

"आन् ही गोष्ट ह्या चार भिंतींच्या भायेर..."

"न्हाई जायाची. मी केली म्हणून सांगीन."

ही अट लालासाहेबांनीच घातली होती. ती पाळली गेली की किती झोंबते, ते गौरी जेवल्या त्या संध्याकाळी कळलं.

बायका आल्या आणि कमानीपुढे थबकल्या. लालासाहेब नारळ फोडायचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभे होते. नारळ फुटत नव्हता, कारण ते फोडत नव्हते.

"अगं बया! किती झ्याक!" शेजारची रेश्मा म्हणाली. "आन् फुलं तर कशी वळीनं हुबी हायत! सावधान म्हटल्यावानी."

"एका हातानं केलीत गं," संयोगिता म्हणाली. "सरळच जमायची."

"धन्य तुमची, वैनी!"

पडद्याआड मिशी थरथरली. तोंडातून आवाज निघू नये म्हणून लालासाहेबांनी खोबऱ्याचा तुकडा चघळायला घेतला. तो कालच्या नारळाचा होता.

मग शालूबाई पुढे झाल्या. वयाने सगळ्यांत थोरल्या, आणि वाईट म्हणायला कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या.

"समदी बरी हायत," त्या म्हणाल्या. "पर ह्यो डावीकडचा तेरडा बघा. ह्याला जीव हाय. सकाळीच उमलल्यागत."

लालासाहेबांची छाती दोन बोटं फुगली, आणि तशीच अडकली. डावीकडे? तिथे तर काल मणी संपले म्हणून त्यांनी चरफडत जागा मोकळी सोडली होती.

बायका गेल्यावर ते चष्मा लावून कमानीपाशी गेले. सगळ्या देठांना उजवा पीळ होता, कडक, फौजी. त्या एका फुलाचा पीळ मात्र डावीकडे, सैलसर, वेलीनं आपसूक घ्यावा तसा. पाकळीतल्या एका मण्याचा टवका उडालेला होता. केरबाच्या वजनाने. म्हणजे सतरंजीखालचे, कपाटाखालचे, आपण सोडून दिलेले मणी कुणीतरी एकेक करून वेचले होते.

आत पुरणाचं मोठं पातेलं चुलीवरून खाली उतरल्याचा आवाज आला. ते पातेलं एका हाताने उतरत नाही.

लालासाहेबांनी फूल हळूच सोडवून खिशात टाकलं. शालूबाईंनी उद्या मागितलं तर उंदरानं नेलं म्हणून सांगता येईल. मग ते पडद्यापाशी जाऊन मोठ्याने खोकले, आणि माणसाला हात गळ्यात अडकवायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबून आत शिरले.

संयोगिता ओट्याशी उभी होती. हात झोळीत होता.

"गाठ सैल झालीया तुजी," ते म्हणाले.

"व्हय का?" ती पाठमोरी झाली. "रेश्मा दिवाळीला मण्यांचा आकाशकंदील मागतीया. न्हाई म्हणून सांगते उद्या. हात तर ह्यो असा."

लालासाहेबांनी तिच्या मानेमागची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, घट्ट, चांगली दोन पदरी.

"दिवाळीपत्तुर सोडू नगंस. त्या डॉक्टरला काय कळतंय?"

"दुखतंय की अजून."

"दुखणारच." त्यांनी खिसा चाचपला. "कंदिलाला पिवळं मणी आणतो उद्या. थोडं जादाच आणतो. सांडत्यात."

संयोगिताने तोंडाला पदर लावला. झोळीतल्या हातातल्या बांगड्या तेवढ्या किणकिणल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.