तार्मोची वही

विनिपेगला नोव्हेंबरात फिरायला कोणी येत नाही. आलाच तर दोन दिवस थांबतो, नाक लाल करून घेतो आणि पुढची गाडी पकडतो. तार्मो महिना उलटून गेला तरी हलला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचं मंगळवारचं जेवण एका चर्चच्या तळघरात असायचं. परदेशातून शिकायला आलेले आम्ही तीसेक जण. दारावर कागद चिकटवलेला असायचा. त्यावर आपलं नाव आणि आणणार तो पदार्थ लिहायचा, बूट दाराशी काढायचे आणि आत यायचं. कागदावर नाव असलं की तो आपला, पुढे चौकशी नाही. हा नियम माझ्या आधीपासूनचा आणि मला कधीच न पटलेला. मी आराबा क्वानसा, घानाची. पीएचडीचं पाचवं वर्ष, घोळक्यात वयाने सगळ्यांत मोठी. त्यामुळे सगळ्यांची काळजी वाहायचा मक्ता आपोआप माझ्याकडे आला होता.

तार्मो एस्टोनियाचा. पन्नाशीचा, उंच, खांदे पाडून चालणारा. कॅनडा बघायला निघालोय, असं पहिल्या दिवशी त्याने सांगितलं आणि नंतर दोन आठवडे तोंड उघडलं नाही. कागदावर 'तार्मो – पाव' लिहायचा, हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भाजलेला काळा पाव घेऊन यायचा आणि भिंतीकडची खुर्ची धरायचा. आम्ही हसलो की हा जरा उशिरा हसायचा. पुढे एकेकाला गाठून एखादा प्रश्न विचारायला लागला, आणि मधूनच खिशातली छोटी वही काढून टिपून ठेवायला लागला.

"प्रेमात पडलाय तो," डेर्लिस म्हणाला. हा पॅराग्वेचा. त्याला अख्खं जग प्रेमात पडलेलंच दिसतं.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. बघ ना कसा बसलाय, लग्नघरात आल्यासारखा."

मला काही ते लग्नघर दिसेना. मला दिसत होता एक माणूस, जो इतरांचं ऐकतो, लिहून घेतो आणि स्वतःबद्दल ताकास तूर लागू देत नाही. आणि मला चिंता होती ती थाओची.

थाओ व्हिएतनामची, वीस वर्षांची, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी. एका सूपच्या हॉटेलात ती काम करायची, विद्यार्थ्यांना परवानगी असते त्यापेक्षा जास्त तास. मालक गप्प, तीही गप्प. आमच्यातले निम्मे तेच करायचे. पण मागच्याच वर्षी एकाला त्यापायी सगळं सोडून मायदेशी परतावं लागलं होतं, आणि त्याची चुगली कोणी केली ते आजवर कळलेलं नाही. थाओला त्याचं काही नाही. ती त्या तार्मोशेजारी बसून आपला सगळा आठवडा सांगायची आणि तो मान हलवायचा.

एका मंगळवारी तो भांडी घासायला उठला. दर वेळी तोच उठायचा. वही खुर्चीवर राहिली होती. मी ती उघडली. हो, उघडली, आणि तेव्हा मला लाजही वाटली नाही. समोर आलेल्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं: थाओ. सोम, बुध, गुरू, शुक्र, शनि. पाच ते दहा. खाली हॉटेलचा पत्ता. इतक्यात नळ बंद झाला आणि मी वही मिटली. पुढचं पान बघायची मला गरजच वाटली नाही.

घरी आल्यावर थाओला समोर बसवलं.

"उद्यापासून कामावर जायचं नाही."

"ताई, तो तसा नाहीये."

"कसा नाहीये? आडनाव तरी माहीत आहे का तुला त्याचं?"

आडनाव तिला माहीत नव्हतं. ती रडली आणि तिने मालकाला फोन केला. चार दिवसांत त्याने दुसरी मुलगी ठेवली.

मग मी मंगळवारचं जेवण डेर्लिसच्या इमारतीत हलवलं. चर्चच्या दारावरचा कागद काढला आणि तार्मोची वाट बघत तिथेच उभी राहिले. तो आला तेव्हा सांगितलं, परीक्षा जवळ आल्या, जेवण बंद. तो बरं म्हणाला, हातातला पाव मला दिला आणि गेला. तो पाव मी दोन दिवस खाल्ला. चांगला होता.

दोन आठवड्यांत कोणी सरकारी माणूस आला नाही. वेळेवर सावध झालो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होते. थाओ माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तिचे कामाचे बूट हॉटेलातच राहिले होते आणि तिला तिथे पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून सोमवारी सहाच्या सुमारास मी गेले.

हॉटेलबाहेर तार्मो उभा होता. काचेतून आत डोकावत होता. दाराला हात लावायचा आणि मागे फिरायचा, वही बघायचा, घड्याळ बघायचा. सापडला, असं मला वाटलं.

"कोणाला शोधताय?" मी मागून विचारलं.

तो दचकला. "थाओला. सोमवारी ती असते. ती असली की मी जेवतो."

"आणि नसली की?"

"अनोळखी माणसाकडे मला काही मागता येत नाही. मग खोलीवर पाव खातो."

माझा तरीही विश्वास बसेना. वही दाखवा, मी म्हणाले, अगदी पोलिसासारखं. त्याने मुकाट्याने दिली.

पहिल्या पानावर पुढच्या गाडीची तारीख होती. खोडलेली. खाली दुसरी, तीही खोडलेली. अशा सात. मग प्रत्येकाला एक पान. डेर्लिस: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? पुढे बरोबरची खूण. थाओच्या वेळांचं पान उलटल्यावर: धाकट्या भावाला शाळा आवडली का? बरोबरची खूण. आमच्याशी बोलायची वाक्यं तो आधी लिहून, पाठ करून यायचा. विचारून झालं की खूण करायचा.

मी माझं पान शोधलं. त्यावर एकच ओळ होती. 'आराबाला काही विचारू नये. तिला आवडत नाही.' त्यापुढेही बरोबरची खूण होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला आत नेलं आणि दोन सूप मागवली. ती आणून देणाऱ्या नव्या मुलीच्या कमरेला थाओचा एप्रन होता. शिवलेल्या खिशावरून मी तो ओळखला, शिवून मीच दिला होता.

"विचारा," मी म्हणाले.

"काय?"

"काहीही. पण मला विचारा."

त्याने वही चाळली. माझ्यासाठी त्यात काहीच तयार नव्हतं. मग त्याने ती मिटून बाजूला ठेवली आणि सुपाकडे बघत म्हणाला, "मंगळवारचं जेवण कुठे हलवलंत?"

का बंद केलं, असं त्याने विचारलं नाही. ते बंद झालेलंच नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी त्याला पत्ता सांगितला आणि त्याने तो माझ्या पानावर लिहून घेतला. मग थाओचे बूट घेऊन मी घरी निघाले. तिला काय सांगायचं ते वाक्य रस्ताभर जुळवत होते, पण दार येईपर्यंत ते जुळलं नाही.