रेगे आले नाहीत

"बाकीचे मागून येऊन राह्यले काय?" नवरदेवाचे वडील रंगराव यांनी विचारले.

"तिघंच हाओ आम्ही," भागवत म्हणाला.

रंगरावांनी ट्रॉलीत नजर फिरवली. जनरेटर, ड्रम, दोन गिटारी. पिपाणी नाही, जरीची टोपी नाही. त्यांनी धाड गावी फोन करून 'बँड' ठरवला होता. भागवतनेही 'बँडच हाय' म्हणून सांगितले होते. दोघेही खरे बोलले होते. मराठीत असे अपघात होतात.

"वाजवता काय मंग?"

"रॉक. पण रेगेच्या अंगानं."

"मंग रेगे काऊन नाही आले?"

"ते जमैकाले राह्यतात, काका," ड्रमवाला कडूबा गंभीरपणे म्हणाला.

"लांब हाय मंग," रंगराव म्हणाले आणि फेटा सावरत निघून गेले.

'उलटा ठेका' या त्यांच्या बँडची कारकीर्द अशीच गेली होती. भागवत एरवी पंपाच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. कडूबा भजनी मंडळातून फुटून आलेला. शेगावला एका लॉजच्या उद्घाटनाला ते तासभर वाजवत होते आणि लोक कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत होते. पुण्याच्या स्पर्धेत त्यांना विनोदी गीताचे बक्षीस मिळाले. गाणे भागवतच्या वारलेल्या बापावर होते. पण ते वऱ्हाडीत होते, आणि पुण्याने मनापासून हसून दाद दिली.

त्यांच्या गाण्यावर कोणी कधी नाचले मात्र नाही. लोकांची टाळी जिथे पडायची, तिथे ह्यांची गिटार गप्प. टाळी संपली की ही हळूच 'चक्' म्हणायची. आणि आज तिघांतला तिसरा, शेखर, बँड सोडून चालला होता. त्याच्या जाड तारांच्या गिटारीवर सगळे गाणे उभे राहायचे. त्याला पुण्यात नोकरी लागली होती. त्यासाठी दुपारची जालना एसटी धरायची होती. तो जायच्या आत एकदा, एकाच माणसाने का होईना, नाचावे, एवढेच भागवतला हवे होते.

वरात निघाली. 'जीप भरल्याशिवाय सुटत नाही' हे त्यांचे गाणे सुरू झाले. पोरांनी हात वर केले, दोनदा उडी मारली आणि तिसऱ्यांदा ती एकमेकांच्या पायावर आली.

"बॅटरी उतरली काय बे?"

"मोटार भरणाराच हाय ना तो. त्यालेच विचार."

रंगराव ट्रॉलीपाशी आले. "जरा झणक्यात घ्या ना भाऊ. वरात हाय, दहावं नाही."

भागवतने मान खाली घातली. आता वरातीचे नेहमीचे दणदण सुरू करावे, म्हणून त्याने कडूबाकडे पाहिले. कडूबा पुढे पाहत होता.

पुढे उकंडराव होते, रंगरावांचे थोरले भाऊ. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. घराण्यातल्या प्रत्येक वरातीत नारळाची पिशवी धरणे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी तक्रार न करता केले होते. उजवे पाऊल टाकायचे, मग डावा पाय जरा उशिराने मागून ओढत आणायचा, अशी त्यांची चाल. तो उशिराचा पाय आज बरोबर 'चक्'वर पडत होता.

त्यांच्याही ते लक्षात आले असावे. ते थांबले, परत दोन पावले टाकून पाहिली. मग पिशवी रंगरावांच्या हातात दिली.

"धर बे."

"दादा, तू कुठं—"

"धर म्हणतो ना." मग ट्रॉलीकडे वळून, "वाजवा हो. बदलू नका. हे मले जमते."

आणि ते नाचू लागले. पोरे आधी हसली, मग त्यांचा पाय पाहून पाय टाकायला शिकू लागली. सगळी वरात लंगडत पुढे सरकू लागली. मागे जालना गाडी अडकली. ड्रायव्हर हॉर्न देत होता, तोही नेमका चुकीच्या जागी, म्हणजे बरोबर.

शेखरने गाडीकडे पाहिले. "भाऊ, जाऊ?"

"जाय. जागा भेटन खिडकीची," भागवत म्हणाला. हात थांबवला नाही.

शेखर गिटार पाठीला लावून उतरला. गाण्याच्या तळाशी एकदम पोकळी झाली. भागवतने डोळे मिटले. पण ती जागा फार वेळ रिकामी राहिली नाही. डांबरावर उकंडरावांची उजवी वहाण पडत होती, जड, सावकाश, एकदाही न चुकता.