सेकंदाला बारा

ॲनिमेशनच्या त्या ऑफिसात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला थोरली पहिल्याच दिवशी दम भरायची. पेनाला हात लावायचा नाही. आधी डॉक्युमेंट सेटिंग उघडायचं. रुंदी किती, उंची किती, मागचा रंग कोणता आणि सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, किती, हे ठरवायचं, मगच पहिली रेघ ओढायची. आणि अर्धं काम झाल्यावर तिथं कुणी उगाच बोटं घातली तर त्याची बोटं मी जाग्यावर ठेवणार नाही, असंही ती वर सांगायची. पोरं हसायची.

आज हसायची कुणाची टाप नव्हती, कारण बोटं घातली होती खुद्द साहेबांनी. साहेबांना सगळं कसं चकचकीत लागायचं, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे चकचकीतराव म्हणत.

काम होतं एका हॉस्पिटलच्या वेबसाइटचं. ऐकू न येणाऱ्या पेशंटसाठी एक पान करायचं होतं. त्यावर चित्रातली बाई खुणांच्या भाषेत सांगणार होती: घाबरू नका, इथं बसा, डॉक्टर येताहेत, तुम्हाला एकटं सोडणार नाही. ही चित्रातली बाई म्हणजे थोरलीची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गेल्या वर्षी पोटात कळा येऊन ती एकटीच हॉस्पिटलात गेली, तेव्हा चार तास तिला कुणी धड काही सांगितलं नव्हतं. माणसं यायची, ओठ हलवायची, सुई टोचून निघून जायची. आपण मरणार आहोत अशी तिची खात्रीच झाली होती. ते चार तास थोरलीच्या डोक्यातून जात नव्हते. म्हणून तर हे काम तिनं भांडून मागून घेतलं, धाकटीला समोर बसवलं आणि तिच्या हातांची एकेक ढब बघत दीड महिना चित्रं काढली. सेकंदाला बारा. धीर देणाऱ्या हातांना तेवढी पुरेशी होती.

पान पाच वाजता साइटवर चढायचं होतं. धाकटी दुपारीच बघायला आली, मोठ्या हौसेनं खुर्ची ओढून बसली. थोरलीनं चित्र सुरू केलं आणि धाकटीचा चेहरा उतरला.

"ही माझ्यावर का खेकसतेय?" तिनं हातांनी विचारलं.

खुणांच्या भाषेत आवाज चढत नाही, हात चढतात. पडद्यावरची बाई नुसती हात फेकत होती. थोरलीनं सेटिंग उघडलं. बाराच्या जागी चोवीस! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीचा हात धरून ती तरातरा साहेबांच्या खोलीत शिरली.

"चोवीस कुणी केले?"

"मीच," साहेब खुशीत म्हणाले. "आता कसं चकचकीत दिसतंय! शिवाय तीन मिनिटांचं दीड मिनिटात बसलं."

"चित्रं तेवढीच आहेत, साहेब. ती नुसती दुप्पट पळायला लागली."

"अहो मॅडम, एक आकडा बदलला, त्याचा केवढा बाऊ! क्लायंटला सकाळीच दाखवलं. एकदम खूश आहे."

"क्लायंटला ऐकू येतं!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचे कीबोर्ड थांबले. "ज्यांना येत नाही त्यांतल्या एकाला तरी विचारलंत? दीड महिन्याच्या कामावर बोळा फिरवलात तुम्ही!"

"आवाज खाली. पाचला हेच चढणार. विषय संपला."

तो काय म्हणाला, असं धाकटीनं खुणेनं विचारलं. थोरलीनं खुणेनंच सांगितलं. टेबलाला वळसा घालून धाकटी थेट त्यांच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं हात उचलले.

ते हात असे सुटले की साहेब खुर्चीसकट मागे सरकले. बोटं नाकापुढून सपासप जात होती, तळवा छातीच्या दिशेनं येत होता, परत जात होता, परत येत होता. खुर्ची कपाटावर आपटली. मागे जायला जागा उरली नाही.

"अहो, आवरा तिला! मी काय केलंय तिचं? शिव्या कसल्या देतेय ही?"

"शिव्या नाहीत देत," थोरली म्हणाली. "'घाबरू नका' म्हणतेय. 'इथं बसा, डॉक्टर येताहेत.' तुम्ही केलेल्या वेगानं म्हणतेय."

धाकटी थांबली नाही. शेवटापर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. साहेबांनी तिच्या हातांकडे बघायचं टाळलं, मग टाळता येईना. तिसऱ्या वेळी त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, फाइल उघडली आणि चोवीस पुसून बारा लिहिले.

"आता क्लायंटला फोन कोण करणार?" ते पडेल आवाजात म्हणाले.

"तुम्ही," थोरली म्हणाली. "आणि जरा सावकाश बोला."